वैमानिकांचं मेडिकल: हृदयतपासणीला जाण्याआधीची तयारी

क्लास वन मेडिकलची, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीची, तारीख हातात पडली की पहिलं काम घरी फोन करण्याचं. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला वयाच्या ५५ च्या आत, आईला किंवा सख्ख्या बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का, हे नीट विचारून घ्या. 'बाबांना ॲसिडिटी झाली होती, मग ॲडमिट केलं' असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, ती ॲसिडिटी नसून हार्ट अटॅकही असू शकतो. डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगा. फॉर्ममध्ये या रकान्यात 'नाही' लिहून टाकायचा मोह मोठा असतो, कारण अनफिटचा शिक्का म्हणजे पगार बंद आणि डोक्यावर कर्जाचे हप्ते. ती भीती खरी आहे. पण कुटुंबात आजार आहे एवढ्यावरून कुणी लायसन्स काढून घेत नाही, आणि ही माहिती दडली की डॉक्टरांचा सगळा अंदाजच चुकतो.

दुसरं काम जुन्या कागदांचं. पहिल्या मेडिकलपासूनचे सगळे ईसीजी शोधा, फोटो काढून ठेवा आणि मूळ प्रती फायलीत लावा. या कामाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. अनेक तरुण, धडधाकट माणसांच्या ईसीजीत जन्मभर एखादी निरुपद्रवी खूण असते, उदाहरणार्थ अपूर्ण राइट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूला विद्युत संदेश किंचित उशिरा पोचणं). दहा वर्षांपूर्वीच्या ईसीजीच्या पट्टीवर तीच खूण दिसली तर बहुधा प्रश्न तिथेच मिटतो. जुनी पट्टी नसेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), हॉल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवलेला ईसीजी) अशी रांग लागते आणि तोवर तुम्ही घरी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार क्लास वनला ईसीजी ३० ते ५० वयात किमान दोन वर्षांतून एकदा आणि पन्नाशीनंतर दरवर्षी लागतो, म्हणजे फाइल आपोआप वाढत जाते. ती जपायची तेवढी.

मात्र नॉर्मल ईसीजीवर विसंबू नका. विश्रांतीत काढलेली पट्टी त्या क्षणाची विद्युत नोंद असते, रक्तवाहिनीत साठलेली चरबी तिच्यात दिसेलच असं नाही. १८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्स इथे बीईए या ब्रिटिश विमान कंपनीचं ट्रायडंट विमान पडलं, ११८ जण गेले. कॅप्टनचं मेडिकल वैध होतं. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा जुना आजार निघाला आणि चौकशीने तो अपघाताच्या मूळ कारणांत धरला. आपल्याकडेही ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरहून पुण्याच्या उड्डाणापूर्वी बोर्डिंग गेटपाशी एक कॅप्टन कोसळले आणि वाचू शकले नाहीत. दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे चाळिशीला अजून अवकाश आहे म्हणून पुढचा परिच्छेद सोडू नका.

महिनाभर आधी स्वतःच्या खर्चाने रक्त तपासा: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). लिपोप्रोटीन (ए), म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा रक्तातला एक कण, आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. ते बरंचसं आनुवंशिक असतं. कंबर टेपने मोजा. आपल्या पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वर गेली की वजन काट्यावर ठीक दिसलं तरी जोखीम वाढलेली असते. जोडीदाराला विचारा, आपण घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का. स्लीप ॲप्नियामुळे रक्तदाब चढतो आणि दिवसा डुलक्याही येतात. महिला वैमानिकांनी गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली असेल तर तेही लिहावं. त्या नोंदीचा पुढच्या हृदयविकाराशी संबंध असतो, आणि ती बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून. डॉक्टरांसमोर आकडा चढणाऱ्यांना ही वही फार उपयोगी पडते. सर्दीच्या काही गोळ्यांत फेनिलएफ्रिन असतं, तेही आकडा वाढवतं. घेतली असेल तर सांगा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आकडा बघायला म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. ट्रेडमिलआधी कुठली गोळी थांबवायची, हे डॉक्टर ठरवतील.

आदल्या रात्री ड्यूटी नको. रात्रभर उडून सकाळी तपासणीला गेलात तर नाडी आणि रक्तदाब दोन्ही तुमच्या विरोधात जातात. दोन दिवस जिममध्ये जोर काढू नका. सकाळी चहा-सिगारेट टाळा, ट्रेडमिल असेल तर बूट आणि सैल कपडे न्या.

ट्रेडमिल पॉझिटिव्ह आली तर लगेच खचू नका. लक्षणं नसलेल्या, कमी जोखमीच्या माणसात, विशेषतः स्त्रियांत, ती अनेकदा उगाच पॉझिटिव्ह येते; पुढे सीटी अँजिओग्राफीसारख्या, हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या तपासणीतून उलगडा होतो. स्टेंट बसला तरी कारकीर्द संपतेच असं नाही. युरोपीय नियमांत सहा महिन्यांनी फेरतपासणी करून, दुसरा वैमानिक सोबत असण्याच्या अटीवर परत उडता येतं.

निघताना त्या दिवशीच्या ईसीजीची प्रत मागून घ्या. आणि दोन मेडिकलच्या मधल्या काळात छातीवर दाब, चढताना नवीन दम किंवा अचानक घेरी आली तर मेडिकलची मुदत कितीही शिल्लक असो, ड्यूटी घेऊ नका. जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) करा. ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्यांना फोन तिथे पोचल्यावर करता येईल.