जुन्या कार्ट्रिजची पारख: द्रुत ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका

एल.पी.वर ख्याल ऐकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बडा ख्याल निवांत सुरू होतो, आवाज स्वच्छ असतो, आणि द्रुतमधे ताना रंगात आल्या की आवाज चिरकायला लागतो. गायक तोच, रेकॉर्डही तीच. बदललेला असतो तो सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग. मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या एल.पी.वर बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर सरकते, लेबलाजवळ पोचेपर्यंत हा वेग 21वर येतो. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, आणि आपल्या मैफिलीत सगळ्यात गर्दीचं गाणं नेमकं तिथेच येतं. म्हणून जुनं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या कंपनांची वीज करणारा छोटा भाग, हातात आलं की मी सुई आधी शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवते. तिथे जे टिकतं, ते बाकी सगळीकडे टिकतं.

मी दादरला राहते आणि लोकांच्या घरातल्या जुन्या रेकॉर्ड्स डिजिटल करून देते. त्या कामासाठी वेगवेगळी कार्ट्रिजेस लागतात, आणि त्यातूनच हा संग्रह वाढला. नवीन जमवणाऱ्यांना पहिला सल्ला: सुरुवात मूव्हिंग मॅग्नेट प्रकारापासून करा, म्हणजे ज्यात सुईबरोबर बारीक चुंबक हलतं. याची सुई पुढे ओढली की निघते. मागे राहते ती बॉडी, आणि तिच्यात फक्त कॉइल आणि लोखंडी गाभा. झिजण्यासारखं तिच्यात काहीच नाही, त्यामुळे पन्नास वर्षांची बॉडीही ठणठणीत चालू शकते. म्हातारी होते ती सुई. हिरा झिजतो, आणि त्याहून आधी कॅन्टिलिव्हरला, म्हणजे हिरा बसवलेल्या बारीक दांडीला, धरून ठेवणारं रबर कडक होतं किंवा बसतं. हे रबर डब्यात पडून राहिलं तरी म्हातारं होतं. तेव्हा 'सीलबंद, कधी न वापरलेली' म्हणून जुन्या सुईला कुणी भरमसाट किंमत सांगत असेल, तर सीलचे पैसे देऊ नका.

या हिशोबाने शुअर या कंपनीची एम44 आणि एम75 ही मालिका सुरुवातीला उत्तम. शुअरने 2018मधे कार्ट्रिज बनवणं बंद केलं, पण जपानमधली जिको ही कंपनी त्यांच्या बऱ्याच मॉडेल्ससाठी सुया बनवते. नंबर वाचायला शिका. एन75ईडी म्हणजे एम75ची लंबगोल टोकाची सुई, एन44-7 म्हणजे एम44-7ची गोल टोकाची, आणि शेवटी 3 असेल, जसं एन44-3, तर ती 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डसाठीची जाड सुई. घरात आजीच्या वेळच्या नाट्यगीतांच्या 78 असतील तर ही सुई वेगळी घ्याच. एल.पी.च्या गोल सुईचं टोक सुमारे 18 मायक्रॉन त्रिज्येचं असतं, 78साठी 65 ते 75 लागतं. बारीक टोक त्या रुंद खाचेच्या तळाला जातं, तिथला कचरा घासत फिरतं आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकवतं.

डेनॉन डीएल-103सारखं मूव्हिंग कॉइल (एमसी), म्हणजे ज्यात चुंबकाऐवजी कॉइल हलते ते, पुढच्या टप्प्यावर घ्या. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी 1960च्या दशकात तयार झालेलं हे कार्ट्रिज आजही बनतं आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्याची सुई घरी बदलता येत नाही, जुनं घेतलं तर नवा हिरा बसवून आणण्याचा खर्च धरावा लागतो, आणि 0.3 मिलिव्होल्ट एवढ्या क्षीण आउटपुटसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा अ‍ॅम्प्लिफायरवर एमसी इनपुट हवा.

जुन्या पेटी-प्लेअरमधल्या क्रिस्टल कार्ट्रिजच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यातलं वीज निर्माण करणारं रोशेल सॉल्टचं स्फटिक दमट हवेत खराब होतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यांतून जिवंत राहिलेलं क्रिस्टल माझ्या हाती अजून लागलेलं नाही. सिरॅमिक कार्ट्रिज टिकतं, पण त्याचा भार (सुईचा रेकॉर्डवरचा दाब) आणि आउटपुट दोन्ही जास्त. स्टिरिओ एल.पी.वर ते लावू नये आणि फोनो इनपुटला तर जोडूच नये.

चोरबाजारात मटन स्ट्रीटला जाताना माझ्या पर्समधे दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी बॅटरी आणि मल्टिमीटर असतो. दुकानदाराला आधी विचारते, मग मीटर लावते. मागच्या चार पिनांपैकी पांढरी-निळी जोडी डाव्या बाजूची, लाल-हिरवी उजव्या बाजूची. दोन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा. मूव्हिंग मॅग्नेटमधे तो काहीशे ओहमपासून हजारच्या थोडा पुढेपर्यंत असतो. आकडा किती यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे महत्त्वाचं. एक बाजू ओपन दाखवत असेल तर कॉइल तुटलेली आहे, ती बॉडी घेऊ नका. मूव्हिंग कॉइलला मीटर लावू नका, मीटरच्या करंटने त्याच्या नाजूक कॉइलला धोका असतो.

मग भिंगातून समोरून बघा. कॅन्टिलिव्हर सरळ मधोमध हवा, एका अंगाला झुकलेला नको. हिरा खरंच जागेवर आहे ना, तेही तपासा. नुसती दांडी उरलेल्या सुया 'चालू' म्हणून विकल्या जातात. टोकाची झीज ओळखायला साधं भिंग पुरत नाही. घरी यूएसबी मायक्रोस्कोपखाली धरून बाजूने उजेड टाकला की झिजलेल्या टोकाच्या दोन्ही अंगांना चपटे, चकाकणारे ठिपके दिसतात. ते दिसले की ती सुई रेकॉर्डला लावायची नाही. तिच्या धारा खाच कापतात.

रबराची परीक्षा रेकॉर्डवर. ती रेकॉर्ड टाकाऊ असावी. कंपनीने सांगितलेल्या भाराच्या मधला आकडा डिजिटल काट्यावर लावा, सुई फिरत्या रेकॉर्डवर ठेवा आणि डोळे रेकॉर्डच्या पातळीवर आणून बाजूने बघा. बॉडीचं पोट रेकॉर्डला टेकायला आलं असेल तर रबर बसलंय. उलट, दांडी जराही दबत नसेल आणि आवाज चढतो त्या जागी सुई उडत असेल तर रबर कडक झालंय. भार वाढवून ते मऊ होत नाही.

आता तुलना. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते आवाजाच्या पातळीमुळे. शुअर एम44-7चं आउटपुट 9.5 मिलिव्होल्ट आहे, शुअरच्याच व्ही15 टाइप थ्रीचं 3.5. हा जवळजवळ 9 डेसिबलचा फरक झाला. एकामागून एक लावली तर एम44-7 जिवंत आणि भरदार वाटणारच, कारण ते मोठ्याने वाजतंय. कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतात. म्हणून टेस्ट रेकॉर्डवरचा 1 किलोहर्ट्झचा स्वर दोन्हींवर रेकॉर्ड करा, कॉम्प्युटरवर पातळी जुळवा आणि मगच गाणं ऐका. मी 24 बिट, 96 किलोहर्ट्झला घेते. फाइलींना नुसती अ, ब अशी नावं देऊन मुलीला लावायला सांगते. कुठलं कार्ट्रिज वाजतंय हे मला कळत नसतं, तेव्हाच माझं मत खरं असतं.

दुसरी फसगत कपॅसिटन्सची, म्हणजे केबल आणि प्रीअ‍ॅम्प (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) यांच्यातल्या विद्युत धारितेची. व्ही15 टाइप थ्रीला 400 ते 500 पिकोफॅरड लागतात, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी95ईला 100 ते 200. केबल आणि प्रीअ‍ॅम्प मिळून जे होतं ते एकालाच मानवतं, आणि दुसऱ्याचे वरचे स्वर बिघडतात. त्यावरून त्या कार्ट्रिजला वाईट ठरवणं अन्याय आहे. कपॅसिटन्स बदलता येणारा प्रीअ‍ॅम्प घ्या, तुलना करणाऱ्याच्या पैशांचा तो सगळ्यात चांगला उपयोग आहे.

तिसरा मुद्दा टोनआर्मचा, म्हणजे कार्ट्रिज ज्याच्या टोकाला बसतं त्या दांड्याचा. आर्मचं परिणामी वजन (हलताना जाणवणारं, कंपनी देते ते), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची बेरीज ग्रॅममधे घ्या, तिला कंप्लायन्सने, म्हणजे सुईची दांडी किती सहज लवते त्या कंपनीने दिलेल्या आकड्याने, गुणा, वर्गमूळ काढा आणि 159ला त्याने भागा. हे उत्तर म्हणजे आर्म आणि कार्ट्रिजची जोडी ज्या कंपनसंख्येला आपोआप डोलते ती, आणि ती 8 ते 12 हर्ट्झमधे यावी. आर्म 12 ग्रॅम, कार्ट्रिज 6, स्क्रू 1 आणि कंप्लायन्स 30 असेल तर उत्तर 6.7 येतं. किंचित वाकडी रेकॉर्डही अशा जोडीला नाचवते. आर्म 6 ग्रॅमचा असेल तर उत्तर 8वर येतं. जपानी कंपन्या कंप्लायन्स 100 हर्ट्झला मोजतात, तो आकडा दीडपट ते दुप्पट करून धरा.

ऐकताना माझा क्रम ठरलेला आहे. द्रुतमधली तान: प्रत्येक स्वर सुटा येतो की लगदा होतो? मग 'स', 'श', 'च' ही अक्षरं. भावगीतात ती शिट्टीसारखी टोचली तर सुई खाचेतून नीट जात नाहीये. आधी कार्ट्रिज आर्मवर नीट कोनात बसलंय का ही जुळणी तपासा, मग कार्ट्रिजला दोष द्या. त्यानंतर तानपुरा. चांगल्या कार्ट्रिजवर जवारीची झणक गायकाच्या मागे सतत तेवत राहते, सामान्यावर ती नुसती गुणगुण होते. भीमसेन जोशींच्या एल.पी.वर हे फार लवकर कळतं, कारण त्यांचा आवाज चढला की तानपुरा गायब होतो की टिकतो, हे ऐकता येतं. शेवटी तबल्याचा बायां: घुमारा आहे की नुसता धप्प आवाज.

पिनांना तारा कधीही डाग देऊन जोडू नका, उष्णतेने आतली केसासारखी तार सुटते. पिना काळ्या पडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण थेंब रबरापर्यंत जाऊ देऊ नका. प्रत्येक सुई गार्ड लावून हवाबंद डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. डब्या स्पीकरपासून लांब असू द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर पुड्या बदला. डबीवर चिकटवलेल्या कागदावर सुईचा नंबर, भार, कपॅसिटन्स आणि किती तास वाजली ते लिहीत जा. हिरा पाचशे तासांच्या पुढे गेला की दर काही महिन्यांनी त्याला मायक्रोस्कोपखाली घ्या.