फाटकावर उभं राहून मालगाडी वाचायची कशी

आमच्या गोव्यातल्या कुडचड्यात चहाच्या टेबलावर दर दोन दिवसांनी एकच वाद, कोळशाच्या गाड्या कमी झाल्या की वाढल्या. एकजण म्हणतो आता सोलरचा जमाना, कोळसा संपलाच, दुसरा म्हणतो मग माझ्या बाल्कांवातली खुर्ची पुसली की फडका काळा का होतो? वाद घालण्यापेक्षा मोजा ना. वही, पेन आणि फाटक एवढंच लागतं. फक्त रुळावर जाऊ नका, तो गुन्हा आहे, फाटकाच्या बाहेरून सगळं दिसतं.

आधी दिशा. वास्कोकडून घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याकडे जातो तो चढता माल, म्हणजे मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा बळ्ळारीकडच्या स्टीलच्या कारखान्यांना. उलट वास्कोकडे येणारे उघडे डबे बहुतेक रिकामे. पूर्वी तसं नव्हतं, लोहखनिजाचं काम बंद व्हायच्या आधी तिकडून ती लाल माती भरून रेक, म्हणजे मालगाडीचे आख्खे जोडलेले डबे, खाली यायचे आणि परत जाताना कोळसा न्यायचे. मी पहिल्या आठवड्यात येणारे-जाणारे सगळे रेक मोजले आणि ग्रुपवर टाकलं की कोळसा डबल झाला. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांनी खाली दोनच शब्द लिहिले, 'रिकामे मोजलेस.'

तर भरलेला की रिकामा हे चाकापाशी बघायचं. भरलेल्या डब्याच्या स्प्रिंगा दबून वेटोळी एकमेकांना टेकायला येतात, रिकाम्याच्या मोकळ्या दिसतात. रात्री आवाजावरून पण कळतं, रिकामा रेक खडखडत जातो, पत्र्याचा डबा गडगडत गेल्यासारखा, भरलेला जड धपधप करत जातो आणि खिडकीची काच थरथरते.

मग डब्याचा प्रकार. वरून उघडा, चौकोनी उंच कडांचा तो बॉक्सएन, पूर्ण रेकला साधारण ५८ डबे, म्हणजे साडेतीन-चार हजार टन माल. पण उघडा डबा म्हणजे कोळसाच असं धरू नका, चुनखडी आणि खनिजसुद्धा त्यातूनच जातं, वर ताडपत्री नसेल तर रंग बघा. छप्पर आणि बाजूला दारं असलेला तो बीसीएन, त्यात खत, धान्य, सिमेंट. सपाट डब्यावर कंटेनर असतील तर ते वेगळ्या रकान्यात. कोकण रेल्वेच्या बाजूला, म्हणजे वेर्ण्याला वगैरे, सपाट डब्यांवर आख्खे ट्रक बसलेले दिसतील, ती रोरो, १९९९ पासून चालू आहे, ड्रायव्हर आपल्याच ट्रकमध्ये पाय पसरून झोपलेला असतो.

डब्यावर ११ आकडी नंबर असतो तो पण वाचता येतो. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेच्या नावावर, त्यापुढचे दोन बनल्याचं वर्ष, मग चार डब्याचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा चेकिंगचा आकडा. म्हणजे पाचवा-सहावा आकडा १४ असेल तर डबा २०१४ चा. पोरांना हा खेळ फार आवडतो.

आता निष्कर्ष काढताना लोक चुकतात ते इथे. आपल्याकडून जाणारा कोळसा मुख्यतः पोलाद बनवायच्या भट्टीसाठी, विजेसाठी नाही, त्यामुळे छपरावर सोलर पॅनल लागले म्हणून ह्या लाइनवरचा कोळसा कमी होईल असं काही नाही. ब्रिटनमध्ये ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद झालं, तिथे विजेच्या कोळशाच्या गाड्या गेल्या आणि काही मार्गांवर त्यांच्या जागी लाकडाच्या गोळ्यांचे डबे धावायला लागले. आपल्या देशात रेल्वेच्या एकूण मालात कोळसा अजून जवळपास निम्मा आहे.

दुसरं, घाट. कुळे ते कॅसलरॉक चढ १:३७, भरलेल्या रेकला जादा बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लावावी लागतात, आणि दुपदरीकरणाची तिनईघाट ते कुळे ह्या टप्प्याची वन्यजीव मंजुरी सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये रद्द केली. एकाच रुळावर सगळं, त्यात पावसाळ्यात दरड आली की चार दिवस गाडीच नाही. त्या चार दिवसांवरून 'कोळसा संपला' असं जाहीर करू नका, निदान वर्षभर मोजा आणि जुलैची तुलना जुलैशीच करा.

रोज बसणं जमत नाही, मलाही जमत नाही. आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, ठरलेले दोन तास, एवढं पुरे. बाकीसाठी रेल्वेच्या हुबळी विभागाला आरटीआय टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायला बांधील आहेत. नुसतं 'किती मालगाड्या' विचारू नका, 'महिन्यानुसार, मालाच्या प्रकारानुसार, मुरगाव बंदरातून भरलेले रेक आणि टन' असं लिहा, नाहीतर सगळ्याची बेरीज करून एकच आकडा हातात येतो आणि तुमच्या वहीशी तो जुळवताच येत नाही.