मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचा ग्रेड देताना या चुका टाळा

मेड्युलरी कॅन्सर थायरॉइडच्या सी-पेशींतून निघतो, आणि ग्रेड म्हणजे तो मायक्रोस्कोपखाली किती आक्रमक दिसतो ते. 2022 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणातला नियम दोन ओळींचा आहे. दर 2 चौरस मिमीत 5 किंवा जास्त मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी), केआय-67 (वाढत्या पेशी रंगवणारा मार्कर) 5 टक्के किंवा जास्त, किंवा ट्यूमर नेक्रोसिस (ट्यूमरचा मेलेला भाग). यांतलं एक जरी सापडलं तरी हाय ग्रेड, नाहीतर लो. नियम सोपा म्हणून घाई होते, आणि घोळ तिथेच होतो.

सगळ्यात चीड आणणारी चूक मोजणीची. रिव्ह्यूच्या स्लाइडबरोबर ‘10 हाय पॉवर फील्डमध्ये (40एक्सला एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळांत) 4 मायटोसिस, लो ग्रेड’ असा रिपोर्ट येतो. कोणत्या आयपीसवर मोजलं, याचा पत्ता नाही. आयपीसवर लिहिलेला फील्ड नंबर (दिसणाऱ्या वर्तुळाचं माप) 18 असेल तर 40एक्सला एका फील्डचं क्षेत्रफळ 0.16 चौरस मिमी. 10 फील्डमध्ये जेमतेम 1.6 पाहिलं गेलं. 2 चौरस मिमीला उरलेल्या अडीच फील्डमध्ये एकच मायटोसिस निघालं की ग्रेड पालटला! फील्ड नंबर 22 असेल तर साडेआठ फील्डच पुरतात. 10 मोजले तर आकडा उगाच फुगतो. हिशोब एकदाच करा आणि मायक्रोस्कोपवर चिठ्ठी चिकटवा. मोजणी हॉटस्पॉटमध्ये (जिथे मायटोसिस सगळ्यात दाट), सलग फील्डमध्ये. पिक्नोटिक (मरताना आकसून गडद झालेले) न्यूक्लियस सोडून द्यायचे.

केआय-67 नजरेनं ‘साधारण 3-4 टक्के’ लिहिणं म्हणजे अंदाजपंचे. हॉटस्पॉटचा फोटो छापा आणि किमान 500 पेशी पेनानं खूण करत मोजा. लिम्फोसाइट आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी त्यात धरू नका.

नेक्रोसिस दिसलं की आधी एफएनएसी (सुईनं पेशी काढून तपासणी) झाली होती का, ते विचारा. सुईच्या वाटेवरचं इन्फार्क्शन (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) एकाच जागी असतं. भोवती ताजा रक्तस्राव, हिमोसिडरिन (जुन्या रक्ताचा लोहाचा रंग), ग्रॅन्युलेशन टिश्यू (भरून येणाऱ्या जखमेचा ऊतक) दिसतं. खऱ्या ट्यूमर नेक्रोसिसमध्ये पेशींच्या पुंजक्यांच्या मधोमध न्यूक्लियसचा चुरा पडलेला असतो. तपासणीच्या अर्जात माहिती नसेल तर सर्जनला फोन करा. दोन मिनिटं लागतात, पण तेवढाही धीर नवशिक्यांना नसतो.

अमायलॉइड (या कॅन्सरमध्ये अनेकदा साचणारं प्रथिन) नाही म्हणून निदान बाद करू नका. अमायलॉइड दाखवणाऱ्या काँगो रेड रंगासाठी सेक्शन 8 ते 10 मायक्रॉनचा हवा. पातळ सेक्शनवर रंग फिका पडतो.

न्यूक्लियसमध्ये स्यूडोइन्क्लूजन (सायटोप्लाझम आत शिरून झालेला गोळा) दिसलं की लगेच पॅपिलरी (थायरॉइडचा दुसरा कॅन्सर) नव्हे. आधी कॅल्सिटोनिन आणि सीईए (मेड्युलरीचे मार्कर) लावा. कडेला अडकलेल्या नॉर्मल फॉलिकलमधलं थायरोग्लोब्युलिन (नॉर्मल थायरॉइड पेशींचं प्रथिन) ट्यूमरच्या खात्यावर मांडू नका.

लो ग्रेड आहे म्हणून जर्मलाइन आरईटी (जन्मजात आरईटी जनुकदोषाची) तपासणी टाळायची नाही. सुमारे चौथा हिस्सा केसेस आनुवंशिक असतात, आणि ग्रेड पाहून त्या ओळखता येत नाहीत.