थंडी का ओसरली, हे कसे ओळखावे

ऐन डिसेंबर-जानेवारीत थंडी ओसरली की लगेच हवामान बदलाकडे बोट दाखवले जाते. मात्र चार दिवसांचा उबारा आणि अनेक दशकांची तापमानवाढ या वेगळ्या गोष्टी असल्यामुळे महाराष्ट्रापुरता तरी तपास आकाश आणि वारा यांपासून सुरू करावा.

प्रथम किमान व कमाल तापमान स्वतंत्रपणे पाहून हवामान विभागाच्या सरासरीशी (सध्या १९९१ ते २०२०) ताडून घ्यावे. किमान तापमान चढले, पण कमाल जागेवरच राहिले किंवा घसरले, तर कारण बहुधा ढग आणि बाष्प हेच असते. कारण दिवसा तापलेली जमीन रात्री जी उष्णता आकाशात सोडते, तिचा बराचसा भाग ते जमिनीकडे परत पाठवतात. अशा वेळी वाऱ्याची दिशा तपासावी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र असेल, तर उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांऐवजी पूर्वेकडून दमट हवा येऊ लागते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीजवळ धडकलेल्या फेंगल चक्रीवादळानंतर राज्यात असेच ढगाळ वातावरण झाले आणि थंडी पळाली. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हे नकाशा न पाहताही कळते, कारण अशा हवेत त्याला भुरी आणि डावणी या रोगांची धास्ती असते.

पश्चिमी चक्रावाताचे, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीचे, गणित थोडे फसवे आहे. तो वायव्य भारतावर असताना आपल्याकडे येणारा उत्तरेचा वारा खंडित होतो, आणि तो पुढे सरकल्यावर बहुधा थंडी परतते. म्हणून दोन-तीन दिवस थांबून मगच निष्कर्ष काढावा.

मुंबईत आकाश निरभ्र असूनही दुपारी पारा पस्तिशीकडे गेला, तर खारे वारे किती वाजता सुरू झाले ते पाहावे. जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्रावरचे हे खारे वारे उशिरा पोहोचतात.

पुण्यासारख्या एकाच शहरात मगरपट्ट्याची रात्र पाषाणपेक्षा उबदार नोंदली जात असेल, तर त्यात काँक्रीटचा वाटा धरावा.

स्थानिक कारणे तपासून झाल्यावरही संपूर्ण हंगामच उष्ण दिसत असेल, तेव्हा एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची स्थिती) आणि तापमानवाढीचा विचार करावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या फेब्रुवारींत सर्वाधिक होते, आणि असा देशव्यापी उष्मा एखाद्या ढगाळ आठवड्याच्या माथी मारता येत नाही.