सर्किटनुसार रेसकारच्या चॅसिसची जुळवणी कशी करावी

मोनाकोला धावलेली कार मॉन्झाला उतरते तेव्हा तिचा मूळ सांगाडा (चॅसिस) तोच असतो. बदलतात त्या सांगाड्याला जोडलेल्या गोष्टी: स्प्रिंग, स्प्रिंगची उसळी आवरणारे डॅम्पर, वळणात कारचे कलणे रोखणारा अँटी-रोल बार, जमिनीपासूनची उंची (राइड हाइट), चाकांचे कोन आणि हवेच्या जोरावर कार खाली दाबणारी विंग. मात्र हे बदल चाकांपर्यंत पोहोचायचे असतील तर सांगाडा पिळवटता कामा नये. म्हणून जुळवणीला हात घालण्याआधी मागील टोक घट्ट बांधावे, पुढील टोकाला ठरावीक पीळ द्यावा आणि सांगाडा किती अंश वळतो ते मोजावे. अँटी-रोल बार बराच कडक करूनही कारच्या वागण्यात काहीच फरक पडत नसेल, तर दोष बहुधा बारचा नसतो. बारने द्यायचा पीळ सांगाडाच गिळत असतो.

यानंतर सर्किट वाचावे. एकूण लांबीवरून फारसे काही कळत नाही. प्रत्येक वळणाचा वेग, तिथे जाणारा वेळ आणि त्यापुढे येणाऱ्या सरळ पट्ट्याची लांबी यांचा तक्ता करावा आणि ज्या वळणातून बाहेर पडताच लांब सरळ पट्टा सुरू होतो, त्याला सर्वाधिक महत्त्व द्यावे. मोनाकोचे सर्किट ३.३३७ किमीचे आहे आणि तिथल्या ग्रँड हॉटेल हेअरपिन या जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणावर वळता यावे म्हणून फॉर्म्युला वन संघ स्टिअरिंगचा वळणकोनसुद्धा वाढवतात. ५.७९३ किमीच्या मॉन्झाला याउलट विंगचा कोन कमी ठेवावा लागतो. पण शिकेनमधील (वेग कमी करायला लावणाऱ्या लागोपाठच्या उलटसुलट वळणांतील) कर्बवरून, म्हणजे कडेच्या उंचवट्यांवरून, कार उडू नये म्हणून सस्पेन्शनला थोडी मऊ बाजूही लागते. मॉन्झा म्हणजे केवळ सरळ रेषेतला वेग, असे समजणाऱ्यांचा वेळ या शिकेनमध्ये वाया जातो.

जुळवणीतला सर्वांत अवघड निर्णय स्प्रिंगचा असतो, त्यामुळे तो आकडे मांडूनच घ्यावा. समजा, पुढच्या प्रत्येक चाकावर कारचे २०० किलो वजन येते आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा दर मिलिमीटरला ३० न्यूटन आहे. टायरचा लवचिकपणा बाजूला ठेवला तर कारच्या पुढच्या भागाची नैसर्गिक कंपनसंख्या (स्प्रिंगवर दर सेकंदाला किती वेळा वर-खाली होतो ती संख्या) सुमारे २ हर्ट्झ येते. विंग नसलेल्या, खडबडीत सर्किटवर धावणाऱ्या कारसाठी हा आकडा ठीक आहे. आता याच कारला विंग लावली आणि ताशी १२० किमी वेगाला पुढच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांवर मिळून, ७५० न्यूटन डाउनफोर्स (हवेने खाली दाबणारा जोर) मिळू लागला, तर पुढचा भाग साडेबारा मिलिमीटर खाली बसेल. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी २४० किमीला तो ३,००० न्यूटन होईल आणि नाक ५० मिलिमीटर खाली जाऊन बहुधा जमिनीला टेकेल. कडकपणा चौपट करून १२० केला तर हे खाली बसणे पुन्हा साडेबारा मिलिमीटरवर येते, पण कंपनसंख्या दुप्पट होते आणि संथ, खडबडीत वळणात टायर रस्त्यावर टिकत नाही. वेगवान वळणांचे सर्किट असेल तर ही किंमत मोजावी, संथ वळणांचे असेल तर मोजू नये. दोन्ही प्रकारची वळणे असतील आणि नियमांत परवानगी असेल, तर दोन्ही चाके एकदम दबल्यावरच काम करणारी तिसरी स्प्रिंग किंवा बंप स्टॉप (हालचालीच्या शेवटी दबणारा ठोकळा) वापरावा.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. चाकापाशी हवा असलेला कडकपणा आणि विकत घ्यायच्या स्प्रिंगचा कडकपणा एक नसतो. चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबत असेल, तर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९, याने भागावे लागते. ३० च्या जागी सुमारे ६१ ची स्प्रिंग लागते.

राइड हाइट जितकी कमी तितका तळाखालचा डाउनफोर्स साधारणपणे जास्त, हे खरे असले तरी ती सर्किटच्या सर्वांत वाईट जागेवरून ठरवावी. स्पा सर्किटवर ओ रूज वळणाच्या तळाशी चढ सुरू होताना कार जोरात दाबली जाते, तर सेब्रिंग सर्किटवर जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवरील सांधे सतत धक्के देतात. फॉर्म्युला वनमध्ये तळाची फळी १० मिलिमीटर जाड असते आणि ती ९ मिलिमीटरपेक्षा पातळ झालेली चालत नाही. २०२३ मध्ये ऑस्टिनच्या शर्यतीनंतर हॅमिल्टन आणि लक्लेर हे चालक याच कारणाने बाद ठरले. खडबडीत सर्किटवर डॅम्परचे वेगवान धक्क्यांसाठीचे नियंत्रण मऊ करावे आणि कार कलण्याच्या संथ हालचालींसाठीचे नियंत्रण शक्यतो तसेच ठेवावे.

कारचा तोल बिघडला तर तो कोणत्या वेगाला बिघडतो हे आधी विचारावे. फक्त संथ वळणात अंडरस्टिअर होत असेल, म्हणजे कार स्टिअरिंगइतकी वळत नसेल, तर पुढचा अँटी-रोल बार मऊ करावा किंवा मागचा कडक करावा. फक्त वेगवान वळणात होत असेल तर बारला हात न लावता पुढच्या विंगचा कोन वाढवावा किंवा मागची उंची किंचित वाढवावी. हा फरक न करता केलेली दुरुस्ती एका वळणात मिळवते आणि दुसऱ्यात गमावते. मेक्सिको सिटीचे सर्किट सुमारे २,२०० मीटर उंचीवर असल्याने तिथे मोठी विंग लावूनही विरळ हवेत डाउनफोर्स कमीच मिळतो. मॉन्झासारखा सरळ पट्टा दिसला म्हणून तिथे मॉन्झाची विंग चालत नाही.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल (वरची बाजू आत झुकली तर नकारात्मक), टायरच्या तापमानावरून ठरवावा: आतली, मधली आणि बाहेरची अशी तीन मोजमापे घ्यावीत आणि आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा थोडीच अधिक तापेल इतपत नकारात्मक कॅम्बर ठेवावा. लांब सरळ पट्टे आणि जोरदार ब्रेकिंग असेल तर तो कमी करावा.

ओव्हलवर, म्हणजे लंबगोल सर्किटवर, समतोल जुळवणीचा आग्रहच सोडावा लागतो. सर्व वळणे डावीकडे असतील तर उजव्या चाकांना नकारात्मक व डाव्यांना सकारात्मक कॅम्बर देतात, मागचे उजवे टायर किंचित मोठ्या परिघाचे निवडतात आणि नियमांच्या मर्यादेत वजन डावीकडे सरकवतात. डेटोनासारख्या ३१ अंश कललेल्या वळणात कार रस्त्यावर दाबली जाते, त्यामुळे तिथे सपाट ओव्हलपेक्षा कडक स्प्रिंग लागतात.

सर्किटवर पोहोचल्यावर उंची आणि स्प्रिंग आधी, मग बार, मग कोन आणि शेवटी डॅम्पर, असा क्रम ठेवावा आणि एका वेळी एकच बदल करावा. एका कोपऱ्याची उंची बदलली की कर्णरेषेतील चाकांवरचे वजनही बदलते, म्हणून प्रत्येक अशा बदलानंतर चालक किंवा त्याच्या वजनाइतका भार आणि शर्यतीइतके इंधन कारमध्ये ठेवून चारही चाकांखालचे वजनकाटे पुन्हा वाचावेत. अँटी-रोल बारचे दुवे त्या वेळी सोडलेले असावेत, आणि जोडताना बारवर आधीचा ताण राहणार नाही अशा लांबीला ते बसवावेत.