आधी शी तपासा, मग जंताचं औषध

लेक शिकायला कॅनबेराला गेली आणि बंडोपंत माझ्या गळ्यात पडले. बंडोपंत म्हणजे आमचा सहा वर्षांचा बिअर्डेड ड्रॅगन, एक पाळीव सरडा. इथे सिडनीत तो पाळायला परवाना लागतो. आता परवानाही माझ्या नावावर आणि शी काढणंही माझ्याकडे.

गेल्या जूनमध्ये पंतांनी खाणं सोडलं. इथे जून म्हणजे थंडी, आणि थंडीत हे प्राणी कित्येक आठवडे सुस्त पडून राहतात, म्हणून मी निवांत होते. तिथेच चुकले. नुसत्या थंडीच्या झोपेत वजन फारसं उतरत नाही. यांचं पाच आठवड्यांत ४१२ ग्रॅमवरून ३७१ वर आलं आणि शेपटीच्या बुडाशी हाडं दिसायला लागली. तेव्हापासून दर शनिवारी वजन करून वहीत लिहिते. त्यासाठी वेगळा काटा घ्या, कणीक मोजायचा नको.

शी तर रोजच बघा. चांगली शी गडद तपकिरी असते, टिशूने उचलली की अखंड येते, आणि सोबत खडूसारखा पांढरा गोळा असतो; ती त्यांची लघवी. बिघडली की पातळ होऊन पसरते, वर शेंबडासारखा थर असतो, कधी रक्ताचा ठिपका, कधी खाल्लेले किडे न पचता तसेच. आणि वास! कोलंबीची सालं कचऱ्यात राहिली की काय म्हणून नवऱ्याने सगळा डबा उपसला होता.

पण लगेच जंतांवर खापर फोडू नका. पिंजऱ्यातल्या अंग शेकायच्या जागेचं तापमान आधी मोजा. ते ४० अंशांच्या आसपास नसेल तर यांना अन्न पचतच नाही.

तापमान ठीक असेल तर नमुना घ्या. गोल जंत कधीकधी पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे दिसतात, पण बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. कॉक्सिडिया हे तर आतड्यातले एकपेशीय परजीवी, सूक्ष्मदर्शकाशिवाय कळणार नाही. ताजी शी, सुकायच्या आत, झिपच्या पिशवीत भरा, ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवा, वर तारीख घाला. लगेच नेता आली नाही तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. (आमच्याकडे डब्यावर ठळक 'खाऊ नये' लिहिलं होतं. श्रीखंडाचा डबा होता, काय करणार.) सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडेच जा. तिथे शी दाट द्रावणात ढवळतात, अंडी तरंगून वर येतात आणि काचेला चिकटतात. अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून एका अहवालात काही नाही आलं तरी लक्षणं असतील तर पुन्हा तपासा.

पंतांच्या शीत पिनवर्मची (हे बारीक जंत) थोडी अंडी होती आणि कॉक्सिडिया भरपूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे पिनवर्म बऱ्याच ड्रॅगनच्या पोटात असतात, तेवढ्यासाठी औषध नको. कॉक्सिडियाचं मात्र देऊ. औषध वजनावर मोजून सुईशिवायच्या सिरिंजने तोंडात दिलं. एक मैत्रीण कुत्र्याच्या जंताची गोळी द्यायला निघाली होती. तसलं काही करू नका. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध तर कासवाच्या जिवावर बेततं.

खरी मेहनत पिंजऱ्याची. शीतून पडलेली कॉक्सिडियाची अंडी त्याच्याच तोंडात परत जातात, मग औषध किती का द्या. वाळू काढून टाकली, खाली साधा कागदी टॉवेल घातला आणि तो रोज बदलला. शी दिसली की तेव्हाच उचलली. भेगांचं लाकूड फेकून दिलं, वाट्या उकळत्या पाण्यातून काढल्या. नेहमीच्या जंतुनाशकाने ही अंडी मरत नाहीत. मी वाफेचं यंत्र फिरवलं, पंतांना तेवढा वेळ टबात ठेवून. उरलेले किडे रात्री पिंजऱ्यात सोडायची लेकीची सवयही बंद केली. ते शीवर फिरतात आणि सकाळी हा त्यांनाच खातो.

हात साबणाने धुवायचे, पिंजऱ्यातलं काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. जंत नसले तरी यांच्या शीत साल्मोनेला हा माणसांना आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर जास्तच जपा.

औषध संपल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना दिला, त्यात चारदोन अंडी होती. पुढच्या महिन्यात काही नाही. या शनिवारी काटा ४०५ दाखवत होता, आणि पंत काट्यावरून उतरायलाच तयार नव्हते.