ठिबकचा व्हॉल्व्ह केव्हा उघडावा, केव्हा बंद करावा

ठिबक सिंचन संच बसवला की पाणी आपोआप वाचते, हा समज फार पक्का झाला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. ठिबक पाणी झाडाच्या मुळांपाशी नेऊन पोहोचवते, पण किती पोहोचवायचे हे व्हॉल्व्ह उघडणारा माणूस ठरवतो. वरची माती सुकलेली दिसली म्हणून त्याने व्हॉल्व्ह आणखी तासभर सुरू ठेवला, तर ते पाणी मुळांच्या कक्षेखाली उतरते आणि जाताना विरघळलेले नायट्रेटही सोबत नेते. म्हणजे पाणी वाया जाते, खत वाया जाते आणि खालचा भूजलसाठा दूषित होतो. जगभरात नद्या, तलाव आणि भूगर्भातून उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागते. त्यामुळे हा तासाभराचा निर्णय वाटतो तितका लहान नाही. तो नजरेच्या अंदाजावर न सोडता मोजमापावर कसा आणावा, हे पुढे सांगितले आहे.

आपल्याला जे साधायचे आहे त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे वाफसा. मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा खेळते आहे आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवलेले आहे, अशी ती स्थिती. मुळांना ओल जितकी लागते तितकाच प्राणवायूही लागतो. सतत चिंब राहिलेल्या मातीत मुळे गुदमरतात, पाने मलूल होतात, आणि मलूल पाने पाहून पुन्हा पाणी दिले जाते. पाण्याचे सर्व नियोजन मुळांची कक्षा वाफशात ठेवण्यासाठी असते.

आधी संच सारखे पाणी देतो का, ते पाहावे

माती मोजण्यापूर्वी नळ्या मोजाव्यात. शेताच्या एका टोकाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाला थेंबथेंब पाणी मिळत असेल, तर कितीही महागडा सेन्सर लावून उपयोग होत नाही, कारण तो ज्या झाडाजवळ असेल त्या झाडापुरतेच खरे सांगेल.

यासाठी एक मोजपात्र, एक घड्याळ आणि वही एवढेच साहित्य लागते. संच नेहमीच्या दाबावर सुरू करावा. सबमेन म्हणजे उपमुख्य नळी आणि लॅटरल म्हणजे तिच्यातून पिकाच्या ओळींत जाणाऱ्या बारीक नळ्या. सबमेनवरची पहिली, शेवटची आणि मधल्या दोन अशा चार लॅटरल निवडाव्यात, आणि प्रत्येक लॅटरलवर सुरुवातीचा, शेवटचा आणि मधले दोन अशा चार ड्रिपरखाली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोंडांखाली, तीन-तीन मिनिटे पाणी धरावे. ताशी २ लिटरचा ड्रिपर तीन मिनिटांत १०० मिलिलिटर पाणी देतो, त्यामुळे पात्रातील आकड्याला २० ने गुणले की ताशी प्रवाह मिळतो. आता सोळा आकड्यांची सरासरी काढावी, त्यांतील सर्वांत कमी चार आकड्यांची वेगळी सरासरी काढावी, आणि दुसरीला पहिलीने भागून १०० ने गुणावे. एकूण सरासरी ९२ आणि तळाच्या चारांची ६९ असेल, तर समानता ७५ टक्के होते. ९० च्या वरचा संच उत्तम समजावा, ८० पर्यंत काम चालते, आणि ७० च्या खाली गेलेल्या संचाची दुरुस्ती केल्याशिवाय पुढचा हिशेब मांडू नये.

कमी पाणी देणारे ड्रिपर शेवटच्या टोकाला एकवटले असतील, तर दोष बहुधा दाबाचा किंवा लॅटरलच्या जास्त लांबीचा असतो, किंवा त्या टोकाला गाळ साचलेला असतो. ते सर्वत्र विखुरलेले असतील, तर तोंडे चोंदण्याची शक्यता अधिक. अशा वेळी एक ड्रिपर उघडून पाहावा. आत पांढरे, नखाने खरवडता येणारे कवच दिसले, तर ते क्षारांचे असते आणि त्याला आम्लप्रक्रिया लागते. बोटांना बुळबुळीत लागणारा थर शेवाळाचा किंवा जिवाणूंचा असतो, आणि तिथे क्लोरीन प्रक्रिया करावी लागते. या दोन प्रक्रिया कधीही एकत्र करू नयेत, कारण आम्ल आणि क्लोरीनयुक्त द्रावण एकमेकांत मिसळले की विषारी वायू बाहेर पडतो. तसेच आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीच ओतू नये. हातमोजे आणि चष्मा न घालता हे काम सुरूच करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माती उकरून पाहावी

पाणी जमिनीत कसे पसरते हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावे. पाणी देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एका ड्रिपरला लागून फावड्याने उभी चर घ्यावी आणि तिची भिंत साफ तासावी. ओल्या मातीचा गडद आकार कोरड्या मातीच्या फिक्या रंगात ठळक उठून दिसतो. हलक्या, वाळूसर जमिनीत तो गाजरासारखा अरुंद आणि खोल असतो, तर भारी, चिकण जमिनीत कांद्यासारखा पसरट आणि उथळ. त्याच भिंतीत पांढरी मुळे कुठवर गेली आहेत तेही दिसते. ओल ६० सेंटिमीटरपर्यंत आणि मुळे ३० सेंटिमीटरपर्यंतच असतील, तर खालचे पाणी पिकाच्या कामाचे नाही. एवढ्या थोड्या कष्टात इतके शिकवणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

या निरीक्षणावरून पाण्याच्या पाळीचे धोरण ठरते. हलकी जमीन पाणी कमी धरते, म्हणून तिथे थोडे थोडे पाणी वरचेवर, अगदी दिवसातून दोनदाही विभागून द्यावे. भारी जमिनीत पाण्याचा साठा अधिक राहतो, म्हणून पाळ्यांमधील अंतर वाढवता येते.

गरजेचा हिशेब

पिकाची पाण्याची गरज काढण्यासाठी जगभर वापरली जाणारी रीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रमाणित स्वरूपात मांडली. हवामानावरून आधी संदर्भ बाष्पोत्सर्जन काढतात, म्हणजे आखूड, हिरवे आणि पाण्याची वाण नसलेले गवत दिवसाला किती मिलिमीटर पाणी हवेत सोडेल तो आकडा. त्याला पिकाच्या गुणांकाने गुणतात. टोमॅटोचा गुणांक रोप लहान असताना ०.६ च्या आसपास असतो आणि पीक पूर्ण वाढीत आले की १.१५ पर्यंत चढतो. लागवडीपासून काढणीपर्यंत व्हॉल्व्ह रोज तेवढाच वेळ सुरू ठेवणे का चुकीचे, हे या दोन आकड्यांवरूनच कळते.

उदाहरणादाखल, संदर्भ बाष्पोत्सर्जन ६ मिलिमीटर आहे आणि टोमॅटो ऐन भरात आहे, असे धरू. गरज ६ गुणिले १.१५, म्हणजे ६.९ मिलिमीटर. संचाची कार्यक्षमता ९० टक्के मानली, तर द्यावयाचे पाणी ७.६७ मिलिमीटर होते. दोन लॅटरलमधील अंतर १.५ मीटर आणि दोन ड्रिपरमधील अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर एका ड्रिपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर क्षेत्र येते. एका चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणून प्रत्येक ड्रिपरने ४.६ लिटर पाणी द्यायला हवे. ड्रिपर ताशी २ लिटरचा असेल, तर व्हॉल्व्ह २ तास १८ मिनिटे उघडा ठेवावा. मात्र ड्रिपरवर छापलेला आकडा आणि आपण मोजलेला आकडा यांत अंतर असते. मोजणीत १.७ लिटर आले असतील, तर वेळ सुमारे २ तास ४२ मिनिटे होते. सुरुवातीला मोजणीचा खटाटोप करायला सांगितला तो यासाठीच.

हिशेब चुकतो कुठे, हे टेन्शिओमीटर सांगतो

वरचा आकडा हा सुरुवातीचा अंदाज आहे. तो आपल्या मातीत खरा उतरतो का, हे टेन्शिओमीटरवरून कळते, आणि माझ्या मते पहिले उपकरण घ्यायचे असेल तर हेच घ्यावे. त्याला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि ते मुळांच्या बाजूने बोलते. सच्छिद्र चिनी मातीची टोपी, पाण्याने भरलेली नळी आणि निर्वात दाब दाखवणारी तबकडी, एवढीच त्याची रचना. माती सुकू लागली की टोपीतून पाणी ओढून घेते, आणि ती ओढ तबकडीवर सेंटिबार या दाबाच्या एककात दिसते. शून्य म्हणजे माती चिंब आहे, आणि आकडा जितका मोठा तितके मुळाला पाणी ओढणे जड. साधारण ८० सेंटिबारच्या पुढे नळीत हवा शिरते आणि उपकरण निकामी होते, म्हणून ते कोरडे पडू देऊ नये.

लावण्याआधी टोपी रात्रभर पाण्यात भिजवावी आणि नळीतील हवेचे बुडबुडे काढून टाकावेत. नळीच्याच जाडीच्या सळईने किंवा गिरमिटाने भोक पाडून तळाशी पातळ चिखल ओतावा आणि टोपी त्यात घट्ट बसवावी. टोपी आणि माती यांत फट राहिली, तर वाचन खोटे येते. उपकरणे जोडीने लावावीत: एक मुळांच्या खोलीच्या वरच्या तिसऱ्या भागात, दुसरे मुळांच्या तळाशी, आणि दोन्ही ड्रिपरपासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर. वाचन रोज सकाळी एकाच वेळी घ्यावे.

भाजीपाल्यासाठी वाळूसर जमिनीत वरचे उपकरण १५ ते २५ सेंटिबार दाखवू लागले की पाणी द्यावे, मध्यम जमिनीत ३० ते ४० वर आणि भारी जमिनीत ४० ते ६० वर. पण खरी गोष्ट दोन आकडे शेजारी मांडल्यावर उलगडते. वरचा आकडा चढतो-उतरतो आणि खालचा जवळजवळ स्थिर राहतो, तेव्हा पाणी बरोबर चालले आहे असे समजावे. प्रत्येक पाळीनंतर खालचा आकडा शून्याकडे घसरत असेल, तर पाणी मुळांच्या पलीकडे जात आहे आणि वेळ कमी करायला हवी, दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करून तीन-चार दिवस पाहावे. खालचा आकडा दिवसेंदिवस चढतच असेल, तर मुळांच्या तळाशी पाणी पोहोचत नाही आणि वेळ वाढवायला हवी. फांदी वाकून पान सुकण्याच्या कितीतरी आधी हे कळते.

इलेक्ट्रॉनिक सेन्सर आणि उपग्रह

धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजणारे सेन्सर वेगळ्या तत्त्वावर चालतात. ही क्षमता ज्यावर अवलंबून असते तो पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या जवळपास, मातीतील खनिजांचा ३ ते ५ आणि हवेचा १ असतो, त्यामुळे मातीत पाणी वाढले की विद्युत वाचन ठळकपणे बदलते. हे सेन्सर दर काही मिनिटांनी नोंद करून मोबाइलवर पाठवतात आणि व्हॉल्व्ह स्वतः उघडू-मिटूही शकतात. परंतु पात्याभोवती फट राहिली तर ते ओली माती कोरडी दाखवतात, आणि खारवट जमिनीत त्यांचे वाचन भरकटते. म्हणून सेन्सरजवळची माती काढून तिचे वजन करावे, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे, आणि त्या ओलीशी वाचन ताडून घ्यावे. पहिल्या हंगामात व्हॉल्व्ह सेन्सरच्या स्वाधीन करू नये. एक हंगाम आकडे पाहून हाताने व्हॉल्व्ह चालवावा आणि विश्वास बसल्यावरच स्वयंचलन जोडावे.

सेन्सर कुठे पुरावा, हा प्रश्न बहुतेक जण सोयीच्या बांधाजवळ सोडवतात. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात, त्यांत शेत १० मीटरच्या चौकटींत दिसते, आणि दर काही दिवसांनी नवे चित्र येते. मागच्या हंगामातील दोन-चार चित्रे पाहिली की शेताचा कोणता भाग नेहमी फिकट राहतो ते दिसते. तिथे गिरमिट घालून माती वेगळी आहे का ते पाहावे, आणि वेगळी असेल तर त्या भागाला स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि स्वतंत्र सेन्सर द्यावा.

खत आणि देखभाल

विद्राव्य खत पाळीच्या मधल्या भागात सोडावे. सुरुवातीला नुसते पाणी देऊन दाब स्थिर करावा, आणि शेवटी नळ्या धुऊन निघतील इतकेच नुसते पाणी द्यावे. शेवटचा हा भाग लांबला, तर नत्र मुळांखाली उतरते. कॅल्शियम नायट्रेट हे फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतांसोबत एकाच टाकीत मिसळू नये, कारण त्यांचा साका होऊन ड्रिपर चोंदतात. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात अर्ध्या बारचा फरक पडला की फिल्टर धुवावा. सबमेन आणि लॅटरलची टोके ठरावीक दिवसांनी उघडून पाणी नितळ येईपर्यंत गाळ वाहू द्यावा.

वाचलेल्या पाण्याचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे. ते पाणी लगेच नवे क्षेत्र भिजवायला वापरले, तर शेताचे उत्पन्न वाढेल, पण विहिरीची पातळी पूर्वीसारखीच खाली जात राहील. सौरपंपामुळे उपसा फुकट झाला असेल, तेव्हा हा मोह अधिक असतो. पाण्याचे मीटर बसवून हंगामाची मर्यादा वहीत आधी लिहून ठेवणे, हा त्यावरचा मला ठाऊक असलेला प्रामाणिक उपाय आहे.

एका प्रसंगी मात्र टेन्शिओमीटर शून्याजवळ असतानाही व्हॉल्व्ह बंद करू नये. ठिबकच्या ओलीबरोबर क्षार बाहेर ढकलले जातात आणि ओल्या भागाच्या कडेला पांढऱ्या कड्यासारखे साचतात. कोरड्या हंगामानंतर हलका पाऊस आला, तर तो हेच क्षार उलट मुळांकडे वाहून आणतो आणि पावसानंतर दोन दिवसांत पानांच्या कडा करपू लागतात. त्यामुळे पाणी किंवा जमीन खारवट असेल, तर पहिल्या पावसात ठिबक नेहमीच्या वेळेप्रमाणे सुरूच ठेवावे, म्हणजे पाण्याचा प्रवाह मुळांकडून बाहेरच्या दिशेने राहील. सुमारे ५० मिलिमीटर पाऊस पडून क्षार खोल उतरले, की मग व्हॉल्व्ह बंद करावा.